शर्ट अजून माझ्याच अंगात

कॅन्सस, जून १९५४

प्रिय ऑर्फा मावशी,

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि लेस्टरकाकांचा खोकला चर्चमधल्या प्रवचनाआधी संपत असेल, अशी आशा आहे. माझ्या खांद्याचं विचारू नकोस. (केस विंचरायला डावा हात वापरतो.)

गेल्या पत्रात लिहिलं होतं की पंधरा वर्षं बसमधून गावोगाव हिंडून बेसबॉलचे चेंडू टाकले, आता क्लब मला काढणार. सोमवारी ते ठरलंच होतं. माझ्या जागी चेंडू टाकायला आणलेला डावखुरा पिचर, व्हर्जिल स्टूकी, आमच्या बाकावर नुसत्या बनियनवर बसला होता. क्लबकडे जादा शर्ट नाही, आणि त्याला मिळायचा तो माझ्या अंगात होता. मॅनेजर क्रेब्स म्हणाला, "पाच डाव टाक, एल्डन. मग तुझ्याशी बोलायचंय." काय बोलायचंय ते बनियन सांगतच होतं.

पण पाच डाव झाले आणि समोरच्यांना माझ्या चेंडूवर एकही फटका मिळाला नव्हता. अशा वेळी पिचरशी कोणी अक्षरही बोलत नाही, हे तुला ठाऊक आहेच. बोललं की नजर लागते. क्रेब्स माझ्यापर्यंत आला, त्यानं तोंड उघडलं, आणि सगळ्या बाकानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं उघड्या तोंडात तंबाखू भरली. सहाव्या डावानंतर पुन्हा आला, पुन्हा परत गेला. (चर्चला जात नाही, पण एवढं पाळतो.) मला काढायचं तर सांगावं लागणार, आणि सांगायची सोय नाही. सातव्या डावात खांद्यानं मान टाकली. त्याला मनातच बजावलं, तू पडलास की ही सगळी मंडळी बोलायला लागतील. तो गुमान चालू लागला. नवव्या, शेवटच्या डावात शेवटचा चेंडू उंच उडाला आणि मीच तो झेलला, म्हणजे तोही फटक्यात धरला नाही. एकही फटका नाही, मावशी! सगळ्यांच्या आधी बनियनवरचा स्टूकी धावत आला आणि त्यानं मला मिठी मारली. (शर्टाचं माप घेत होता, असं आमच्या कॅचरचं म्हणणं.)

तुझा,
एल्डन

ता. क. आज सकाळी नाश्त्याला क्रेब्स समोर येऊन बसला. "आता बोलू का?" मी म्हणालो, "माझ्या चेंडूवर अजून कुणी कुठे फटका मारलाय?" त्यानं बराच विचार केला, माझी कॉफी प्याला आणि उठून गेला.

पुन्हा ता. क. माडीवरची खोली माझ्यासाठी राखून ठेव म्हणालो होतो. आता खुशाल भाड्यानं दे. फक्त शनिवारपर्यंत थांब. शनिवारी पुन्हा चेंडू टाकायची माझी पाळी आहे.