शेवग्यावरची टुकटुक

प्रिय पूर्णिमा,

आज्जीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळी खुशाल आहेत. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा बाप स्पीकर लावून मधे बसतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला स्वतःचं शेपूट जोडतो. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत, वेलांट्या तुझ्या तू सरळ करून घे.

तर झालं काय, शिमगा संपला आणि भर दुपारी टुक टुक टुक टुक सुरू झालं. एकसारखं, हातोडी मारल्यागत. शेजारचा आकाराम तुला ठाऊकच आहे. शिरोलीच्या फौंड्रीतनं रिटायर झाला, पण हात गप्प बसत नाहीत त्याचे, पत्र्याच्या शेडात सारखा काहीतरी ठोकत असतो. मी म्हटलं, हाच तो. जरा सोसलं आणि मग कुंपणापाशी जाऊन चांगला झाडला त्याला, "आवो पावणं, गावाला डोळा लावू द्याचा हाय का न्हाय?" तो म्हणतो, "मी काय केलंय वैनी?" मी म्हटलं, "वर आणि इचारतोय!" मग त्याची चिमणाबाई बाहेर आली आणि तिनं माझा पहाटेचा मिक्सर काढला. झालं, बोलणं बंद. तिच्याकडनं येणारं ताकही बंद. तुझ्या बापाला जेवणात ताक लागतं, तो आठवडाभर माझ्याकडे बघत बसला.

पुढं आकाराम मुरगूडला लेकीकडं गेला. शेडाला हे एवढं कुलूप, आणि टुकटुक चालूच! मला वाटलं, मला चिडवायला मशीन लावून गेलाय की काय. आवाजाच्या मागं मागं गेले तर आपल्याच शेवग्याखाली येऊन उभी. मान मोडायची वेळ आली तेव्हा दिसलं. चिमणीएवढं हिरवं पाखरू, कपाळाला कुंकू, गळ्याला हळद, जसं काय हळदीकुंकवालाच निघालंय. टुक म्हणताना दर वेळी मान डोलवतंय! मला इतकं हसू आलं की भांडण विसरून चिमणाबाईलाच हाक मारली. ती आली, तोंड फुगवून, पण आली. वर बघून म्हणते, "ह्यो तर तांबट. तांब्याची भांडी ठोकल्यागत वरडतोय न्हवं? आमच्या म्हाताऱ्याचा जोडीदार!" संध्याकाळी तांब्याभर ताक आलं.

तेव्हापासून माझे कानच उघडलेत बघ. पहाटे कोकीळ, मग जास्वंदीत बुलबुल, उसाच्या कडेला भारद्वाजाचं घुमणं. इतकी वर्षं हे सगळं इथंच होतं, मी आपली भांडी घासत होते. तांबटानं शेवग्याच्या वाळक्या फांदीला रुपयाएवढं भोक पाडलंय. नवरा-बायको पाळीपाळीनं उंबराची फळं घेऊन आत जातात. पिल्लं असणार.

आणि अक्षय तृतीया झाली की तुझा बाप तो शेवगा तोडणार आहे. माणूस सांगून ठेवलाय. म्हटलं, "जयसिंगा, राहू दे की." तर म्हणतो, "आई, पाखरांना झाडं कमी हायत काय?"

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. दिवाळीला तू गाडी बोळात लावलीस, कुणीतरी ओरखडा काढला. तू हूं की चूं केलं नाहीस, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालीस. ते त्यानं मनाला लावून घेतलंय. पोरीची गाडी दारात राहिली तर पोरगी पण चार दिवस राहील, असं त्याचं गणित आहे. शेवगा गेला की दारात गाडीपुरती जागा होते. मुरगूडहून परत आल्यावर आकाराम म्हणाला, शेडापुढची जागा मोकळी करून देतो, पूर्णिमा तिथं लावू दे. तर ह्याला ते कमीपणाचं वाटतं. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. फोन कर, त्याला स्पीकर लावू दे खुशाल. गाडी आकारामकाकांच्या दारात लावीन, शेवगा राहू दे, एवढंच म्हण. आणि कधी येणार, किती दिवस राहणार, तेही त्याच फोनवर सांग, म्हणजे त्याच्या मनाला पटेल. बोळात शिरलीस की हॉर्न तेवढा वाजवू नकोस. आत पिल्लं आहेत.

तुझीच,
आज्जी