विजेखालची बाई

६ मे १९५६
आज पुन्हा ओसरीवर सभा! ह्यांनी नागपूरहून ते छापील चित्र आणलं, चौकट केली, अन् चामोर्शीत जसा देवच उतरला. इटलीचं म्हणे, साडेचारशे वर्षांपूर्वीचं. ओढ्याकाठी उघडी बाई लेकराला पाजते आहे, अलीकडे काठी घेऊन एक पुरुष उभा, मागे गाव, आभाळात वीज. अर्थ कोणालाच लागत नाही — म्हणून चार वेळा चहा.

हेडमास्तर गुणवंतराव म्हणाले, ही पापाची शिक्षा. किराणावाल्या लटारूभाऊंना ती तमाशातली वाटली. अक्कल तेवढीच! ह्यांनी सगळं वहीत उतरवलं. हे पडले शाळेतले ड्रॉइंग मास्तर, आता लेख लिहिणार आहेत.

आत आमची तिसरी पोरगी सव्वा महिन्याची झाली. बापाने अजून हातात घेतली नाही. "मान धरत नाही, भीती वाटते." थोरल्या दोघींच्या वेळी बरी नाही वाटली! पुन्हा मुलगीच झाली, हे तोंडाने बोलायची हिंमत नाही.

९ मे
थोरल्या दोघी मामाकडे गेल्या. घर शांत. लेखाची सहा पानं झाली. पोरीचं बारसं नाही.

१३ मे
बुधरी दाई पोरीला चोळायला आली. गंमत म्हणून तिला चित्र दाखवलं. तिने तेलाचे हात पुसले, बराच वेळ पाहिलं.

"हे बाई त्या मानसाकडं पाहूनच नाई राह्यली. आपल्याकडं पाहून राह्यली. तिले काई पायजे."

काय पाहिजे, मी विचारलं.

"मले काय मालूम? तिले कोनी इचारलं काय?"

तीन शहाणे, तीन आठवडे! एकालाही सुचलं नाही. ह्यांना सांगितलं तर हसले — दाईला कलेतलं काय कळतं म्हणे. तुम्हाला पाळण्यातलं काय कळतं, ओठावर आलं होतं. गिळलं.

१४ मे
दुपारी मी चित्रातल्या बाईकडे पाहत बसले. उगाच. भात करपला.

१७ मे
बारशाचं पुन्हा विचारलं. "लेख संपू दे." जळो तो लेख!

१९ मे
चार वाजता वादळ. छपरावरचे कवेलू उडाले, आढं कडाडलं. हे ओसरीवरून आत धावले. चित्रासाठीच, दुसरं काय! धुळीत काही दिसेना. आम्ही शेजारच्या सुगंधाबाईंच्या दगडी घरात शिरलो.

तिथे पाहिलं. पोरगी ह्यांच्या छातीशी, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली. हे रडत होते.

पाळणा माझ्यापासून दोन पावलांवर होता. माझ्या हातात चित्र होतं.