रायफलला काय पचतं

१४ सप्टेंबर, रविवार

शेजारची गंगुबाय आली सगळ्यात आधी! बोलावलं नव्हतं. पाहुणे शीव कोळीवाड्यातून निघालेसुद्धा नसतील, आणि ही आमच्या दारात, घडीची साडी नेसून. "कोणाक बघूक येतत गो? अक्षदाक?" म्हटलं, नाही बाय, रायफल बघायला येतात. तोंड पडलं तिचं. पण गेली नाही. बसली पंख्याखाली.

मग ते आले. वैभव म्हणून आहेत, स्वतःची बोट आहे. बरोबर त्यांची मुलगी मनवा, चौदा-पंधराची असेल, दोन वेण्या. पिशवीतून सुरमई आणली—पितृपक्षात! आणि लगेच पुढे नवरात्र. म्हणजे दसऱ्यापर्यंत आमच्याकडे मासा नाही. शेवटी गंगुबायने नेली, ती काही पाळत नाही. म्हणजे बसली ते फुकट नाही गेलं तिचं!

माझ्या नातीने, अक्षदाने पेटी उघडली, पलंगावर चादर घालून रायफल ठेवली. नेम धरायची हवेची रायफल, स्पर्धेतली. सगळे वाकून बघायला लागले. वैभव विचारतात, कधी पडली का, काही दुखणं आहे का. गंगुबाय म्हणते, "पत्रिका काढा आता." मनवाने हात पुसला फ्रॉकला, मगच लावला. अक्षदा आपली मोबाइलमध्ये. एवढंच म्हणाली, "चांगली आहे. माझ्याच्यानं होत नाही."

ते मागच्या दिवाळीनंतरच्या स्पर्धेपासून. नऊ छर्रे मधल्या गोलात आणि दहावा कुठेतरी गावाला! तीनदा तसंच. निवड हुकली. घरी येऊन पप्पाला, माझ्या निलेशला म्हणाली, विकून टाका. कॉलेजात जाते, येते, बोलत नाही. पेटी वर्षभर माझ्या कपाटावर.

वैभव म्हणाले, "व्यवहार आता नको. दसऱ्याला चालवून दाखवा, तेव्हाच नेतो." निलेशने शब्द दिला. मला तर बरंच वाटलं. कपाट मोकळं होईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पेटी गेली की कपाटावर गोधड्या. आणि मखराचा पुठ्ठा. ठरलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

स्वप्नील सर आले होते, अक्षदाला शिकवायचे ते. चहा नको म्हणाले नि दोन कप प्यायले. विकताय ते कळलं म्हणाले. मग अक्षदाला—"छर्रे बदलून बघितलेस?"

"छर्ऱ्यांचा काय संबंध, सर? मीच हलते."

"कशावरून?"

मग सरच म्हणाले, गेल्या वर्षी जुन्या डब्या संपल्या, नवीन आणल्या. नाव तेच, कंपनी तीच, पण घाणा, म्हणजे एका खेपेला ओतलेला माल, वेगळा. एकाच कंपनीच्या दोन घाण्यांत फरक पडतो, आणि प्रत्येक रायफलला वेगळं पचतं. (हे मला लगेच पटलं! निलेशला लहानपणी गाईचं दूध चालायचं नाही, म्हशीचं चालायचं. लोक उलट सांगतात.) म्हणाले, "तुझा हात मधून काढून टाक. रायफल शिकंज्यात आवळ आणि मार. मग कळेल कोण हलतं, तू की ती."

चार वेगवेगळ्या घाण्यांच्या डब्या ठेवून गेले. अक्षदा बराच वेळ त्या डब्यांकडे बघत बसली होती.

२० सप्टेंबर, शनिवार

आज मजा आली. दुपारभर आम्ही दोघी खिडकीत छर्रे निवडत होतो! तांदळासारखे. इवलंसं शिसं, वर डोकं, मध्ये कंबर, खाली परकर. परकर चेपलेला असला की बाजूला काढायचा, तो तिरका उडतो. मी चष्मा लावून आणि ती चष्म्याशिवाय. डब्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत हे तिने मला पाच वेळा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

निवडता निवडता बोलायला लागली. कॉलेजात कोण कुणाबरोबर, सगळं! वर्षात एवढी बोलली नव्हती. मी मध्ये मध्ये चांगलेच छर्रे वाईटात टाकत होते, काम लांबावं म्हणून. तिने पकडलं. "आजी!!" हसली पण.

सूनबाई वैशाली कामावरून आली तर विचारते, जेवायला काय केलंत. काहीच केलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

चाळीच्या व्यायामशाळेच्या माडीवर गेलो दोघी. दुपारी तिथे कुणी नसतं. खालच्या सुताराकडून शिकंजा आणला, माझी जुनी सतरंजी घालून रायफल त्यात आवळली. पलीकडे कागद, कागदामागे लोखंडी पेटी. अक्षदा फक्त घोडा दाबणार, धरायचं काही नाही.

आधी गेल्या वर्षीचे छर्रे. फट्—फट्—पाच वेळा. कागद आणला तर भोकं अशी, कोंबडीला दाणे टाकल्यासारखी! एक तर पार कडेला. आणि हात लावला नव्हता कुणी.

अक्षदा खाली बसली लादीवर. "आजी, बघ. मी नाही. ही हलते."

मग सरांच्या डब्या. पहिली बरी. दुसरी बेकार. तिसरी पहिलीसारखी. प्रत्येक डबीनंतर दम खायचा, आधी काही असेच मारून नळी नव्या छर्ऱ्यांना रुळली की मग खरे पाच मारायचे. मला वाटलं संपलंच आता. चौथ्या डबीचे पाच मारले आणि कागद आणला तर भोक एकच! मला वाटलं चार चुकले. अक्षदा म्हणाली, "नाही गं, पाची इथेच गेलेत." पुन्हा मारले. पुन्हा एकच. तिसऱ्यांदा पण!

मिठी मारली मला. हात शिशाने काळे, माझ्या पाठीवर पंजा उमटला. लुगडं तसंच राहू दिलं.

रात्री निलेशला म्हणाली, "पप्पा, विकायची नाही." तो शिवडीहून दमून आलेला, गोदामात माल उतरला होता. म्हणाला, "वर्षभर कुठे होतीस? मी त्या माणसाला शब्द दिलाय. त्या पोरीने मैत्रिणींना सांगितलं असेल." त्याचंही खरं. तिचंही खरं. मी भांडी घासली.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

शस्त्रांची पूजा. दरवर्षी विळी, कोयती, निलेशच्या बापाचा मिलमधला पाना. यंदा रायफल पण मांडली. उद्या जाणार घरातून, रिकाम्या कपाळाने कशी पाठवायची? हळदकुंकू, झेंडूचं फूल. चौथी डबी उघडून छर्ऱ्यांवर पण चिमूटभर कुंकू सोडलं. छान दिसत होतं. अक्षदा कॉलेजात होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काय झालं ते लिहिते. वैभव, मनवा, निलेश, आम्ही दोघी, सगळे व्यायामशाळेत. शिकंजा लावला, अक्षदाने चौथ्या डबीतले पाच मारले. एकच भोक. निलेश खूश. मनवा टाळ्या वाजवते. आणि वैभव कागद उजेडात धरून म्हणतात, "ही कड लाल कशी?"

लालच होती. भोकाभोवती बारीक रेघ.

"बोटीचा पत्रा असाच सुरू होतो," म्हणाले. "आतून. वरून कळत नाही. हा गंज." पुन्हा मारायला सांगितलं, पुन्हा लाल. निलेश म्हणतो, अहो असं कसं होईल. नळीत डोकावतो. काही दिसत नाही.

अक्षदाने डबीत बघितलं. मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, आणि तिने कोपर मारलं मला. चांगलं लागलं.

मी तोंड मिटलं.

वैभव सभ्य माणूस. "विचार करून कळवतो." सोनं देऊन गेले. मनवा जिन्यात मागे वळून वळून रायफलीकडे बघत होती. नाक ओढत होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गंगुबाय तीनदा विचारून गेली. सांगितलं नाही. माझंच मला नवल वाटतं.

५ ऑक्टोबर, रविवार

चाळभर झालंय—निलेशची रायफल गंजकी निघाली. निलेश अर्ध्या जेवणावरून उठला. अक्षदा गाणं म्हणत डब्या पुसत होती, एकेक छर्रा कापडाने. मी बसले निवडायला तिच्याजवळ. बरं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं.

म्हटलं, ती मनवा रडत गेली गं.

म्हणाली, "माहितीये."

७ ऑक्टोबर, मंगळवार

व्यायामशाळेत गेलो दोघीच. आज शिकंजा नाही. आज हातात धरून मारणार म्हणाली, चौथ्या डबीतले, पुसलेले. जाड कोट घातला, उभी राहिली. काय दिसत होती! मी मागे बाकावर.

दहाचा एक कागद असे मारत गेली. पहिल्यात नऊ मधोमध. दहावा गावाला. दुसऱ्यात पण तसंच. तिसऱ्याच्या वेळी मी दुसरीकडे बघत होते, बघितलं की होतं की काय म्हणून. तरी तसंच.

मग रायफल सतरंजी घालून आवळली शिकंज्यात, तेच छर्रे, पाच. एकच भोक.

सगळे कागद शेजारी शेजारी लावून बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "आजी, गेल्या वर्षी मी नि रायफल, दोघी हलत होतो. आता ती थांबली."

येताना भजी घेतली.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी तिनेच फोन लावला वैभवना. "काका, तो गंज नव्हता. आजीने पूजेला कुंकू घातलेलं. मला तिथेच कळलं होतं, मी बोलले नाही. रायफल चांगली आहे. तिचे छर्रे पण सापडलेत, डबी देते बरोबर." मग म्हणाली, मनवाला द्या जरा. आणि तिला रायफल कशी पुसायची, कुठे थेंबभर तेल, ते सगळं सावकाश सांगत बसली.

रविवारी येतो म्हणाले. न्यायला.