पत्र्याखालचा संगीत हंगाम

प्रिय अण्णा,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते, की थिएटरच्या दारातल्या कडुनिंबाखालची माझ्या स्कूटीची जागा गेली. तिथे आता सायकली असतात. एकीचं हँडल दुसरीच्या चाकात, आणि प्रत्येकीवर घाडगे सरांच्या फिजिक्स क्लासचं स्टिकर. मला स्कूटी पार रसवंतीपाशी लावून चालत यावं लागतं. हे दुःख लातुरात सांगायचं कुणाला? ज्याला त्याला पोराच्या टक्क्यांची पडलीय. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, पण माझी तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात तुमच्या तोडीचा माणूस अजून भेटला नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

तर, सायकली आल्या कुठून? यंदा आपल्या संगीत हंगामाच्या रविवारच्या सगळ्या प्रयोगांची सगळी तिकिटं घाडगे सरांनी घेतली, क्लासच्या पोरांसाठी. तुमची लेक वैजू हरखली. तुमच्या माघारी कंपनी गळ्यात पडल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली. मला मात्र त्याच दिवशी शंका आली. पोरांना संडासला जायलाही सुट्टी न देणारा माणूस तीन तास संगीत नाटकाला का देतो?

आपलं थिएटर आहे कुठे ते आठवा. भूकंपानंतर स्लॅबखाली बसायला कुणी धजेना, म्हणून तुम्ही नांदेडचं बिऱ्हाड मोडून इथे पत्रे ठोकले. मी म्हणाले होते, "अण्णा, लोकांना ब्लँकेटं हवीत, नाट्यपदं काय पांघरायचीत?" तुम्ही म्हणालात, "ब्लँकेटं समदेच देऊन राहिले, मंदा." तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या. आता चारी बाजूंनी क्लास आहेत आणि मधोमध आपले पत्रे. सरांनी एकदा वैजूला जागा मागितलीही होती. शिवाय आपले दारवान सलीमभाई सांगत होते, "बाई, सर खुर्च्यांमधून पावलं टाकत मोजून राहिलेत काहीतरी." मी सरांना गाठलं. तर म्हणे, "आग लागली तर पोरं बाहेर कशी पडतील ते पाहत होतो." उत्तर इतकं तयार होतं, की संशय दुप्पट झाला.

आणि प्रयोग? अण्णा, तुम्ही नव्हता ते बरं झालं. पद संपलं, की ऑर्गनवर सूर धरून ठेवायचा, वन्समोर आला तर तिथूनच उचलायचं, ही तुमची शिस्त. वैजू ती पाळते. सूर धरलेला, ती समईसारखी उभी, आणि समोर चिडीचूप. टाळी नाही, खोकला नाही. शेवटी ऑर्गनवाला बिचारा बोट उचलतो. दर रविवारी वैजू एकेक पद गाळू लागली. पदं गेली तर उरेल काय? मी लिहिलेले विनोदी प्रवेश. त्यांच्यावर कंपनी चालत नाही, हे तुम्हीच मला तोंडावर ऐकवलं होतं.

परवा ती म्हणाली, "मावशी, या लोकांना गाणं नको वाटतंय. दिवाळीनंतर सरांना जागा देऊन टाकते."

माझ्या डोक्यात डाव पुरता उलगडला. मुडद्यांची पलटण विकत आणून समोर बसवायची, गाणारीचा जीव खचवायचा आणि जागा घ्यायची. मी लिहिलेल्या कुठल्याच खलनायकाला इतकी अक्कल नव्हती.

काल रसवंतीपासून तंगडतोड करत पोचले, तोवर पडदा वर गेला होता. विंगेतून जाता येईना, म्हणून मागच्या भिंतीला टेकले. पहिलं पद संपलं. ऑर्गनने सूर धरला. आणि अंधारात सगळ्यांचे हात वर झाले. सरळ, कोपर न वाकवता, अगदी मुकाट.

शेजारी भोकरकडची एक पोरगी होती. विचारलं, "हात कशाला गं?"

"गाणं परत पाहिजे."

"मग बोल की."

"सर म्हणलेत थिएटरात वरडायचं न्हाई. हात वर करायचा, इचारलं की बोलायचं."

"आणि कुणी विचारतं का?"

"न्हाई. आम्हाला वाटलं, बाई लई कडक हायत."

डोळ्यांवर झोत असताना स्टेजवरून पहिली रांगही दिसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू? मध्यंतरात वैजूला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तुझे फार्स कागदावर ठेव." मग मी सलीमभाईंना धरलं. दुसऱ्या अंकातलं पद संपलं, सूर धरला, आणि त्यांनी हॉलचे सगळे दिवे लावले.

वैजू बघतच राहिली. पत्र्याखाली नुसते हात. तिला काय सुचावं? मास्तरणीसारखं विचारलं, "काय पाहिजे?"

"परत," सगळी पोरं म्हणाली.

ती गायली, अण्णा. तुमच्यासारखी नाही, तिच्यासारखी. आणि गाळलेली पदंही तिसऱ्या अंकात घुसडली. कथानकाचं वाटोळं झालं.

प्रयोगानंतर तिने सरांना जागा मिळणार नाही म्हणून सांगून टाकलं. सर म्हणाले, "ठीक. दिली असती तर घेतली असती." मी विचारलं, "मग तिकिटं का घेतली?" तेव्हा म्हणाले, "भूकंपानंतर, पत्रे ठोकायच्या आधी, कनातीत अण्णांचं नाटक पाहिलं होतं. दुसऱ्या अंकात झोप लागली. घर गेल्यापासून पहिल्यांदाच." तुमच्या गाण्यात झोपला, अण्णा! वर ते उपकार मानतो म्हणून सांगतो.

संशय मी पुरता सोडलेला नाही. दिली असती तर घेतली असती, हे वाक्य लक्षात ठेवलंय. ही जागा क्लासला जाऊ देणार नाही, एवढा शब्द तुम्हाला देते.

पण मनातल्या मनात ज्याला महिनाभर फासावर चढवलं, त्याचं थोडं देणं लागतंच ना? आज दुपारी त्यांच्या क्लासवर गेले, दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत फळ्यापुढे उभी राहिले आणि पोरांना वन्समोर ओरडायला शिकवलं. वैजूला सांगितलेलं नाही.

तुमची,
मंदा