उन्हाळीवरचं सरबत

ती. सौ. अपर्णावहिनींना चारुलताचा नमस्कार.

तुम्ही आणि विक्रमदादा अमेरिकेत सुखरूप असाल. आम्ही इकडे हैदराबादेत, चिक्कडपल्लीत खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण ते पुरतं खरं होणार नाही.

माझ्या उन्हाळीबद्दल, म्हणजे लघवीच्या जळजळीबद्दल, मी तुम्हाला गुपचूप लिहिलं आणि तुम्ही दादाच्या मित्राबरोबर क्रॅनबेरी ज्यूसच्या बाटल्या पाठवल्यात, फार आभारी आहे. फक्त खोक्यावर तुम्ही ‘उन्हाळीवर’ एवढंच लिहिलं होतं. (माझी लाज राखायला नाव टाकलं नाहीत, हे कळतं.) खोकं बाबांनी उघडलं. बाहेर एप्रिलचं ऊन. त्यांनी ‘उन्हाळ्यावर’ असा अर्थ लावला आणि खरा अर्थ सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हापासून ते रोज दुपारी पेला भरून पितात, आल्यागेल्याला देतात. आंबट म्हणून बाटलीतच साखर ओततात. शेजारच्या सुलभामावशी दोन पेले पिऊन गेल्या, त्या दोन दिवस पोट धरून होत्या.

पण खरी काळजी बाबांची. हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. परवा दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, तर म्हणाले, “लाल पेय आहे. रक्त वाढलं, जास्तीचं बाहेर पडतंय.” मी त्यांना कोठी भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत रक्त फारच पातळ निघालं. डॉक्टर म्हणाले, “लक्ष्मणरावसाब, इस गोली के साथ ये जूस नक्को. किसी किसी को गोली का असर बढ़ जाता.” (ज्यूसमुळेच झालं असं ते खात्रीने म्हणाले नाहीत, हेही लिहायला हवं. पण बंद करा, हे नक्की म्हणाले.) वाटेत बाबा म्हणतात, “त्याला काय कळतं? पोराने सातासमुद्रापलीकडून पाठवलंय, ते मोरीत ओतू?” घरी आल्यावर पुन्हा पेला.

दादाला नमस्कार, ओंकारला गोड पापा.

तुमची
चारुलता

ता. क. खरं काम हे : दादाला बाबांना फोन करायला सांगा, की हे बायकांचं औषध आहे. डॉक्टरांना ते जुमानत नाहीत, पण हे ऐकल्यावर पेल्याला शिवणार नाहीत. (अगदीच खोटं होणार नाही, मी बाईच आहे.) माझं नाव मात्र नको.

ता. क. २. फोन नको. आत्ता जेवताना आईने (तिला माझं दुखणं ठाऊक होतं) बाबांना सरळ सगळं सांगून टाकलं. ते उठले. हात धुतले, फ्रिजमधली बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “आधी नाही का सांगायचंस, वेडे?” शेवटचीच बाटली होती. तळाशी अर्धा पेला उरलाय, साखर घातलेला.