चार रिपोंची एक रिपो

३ मार्च, सोमवार
जिंकलो! समितीत माझा ठराव पास!
आमची समिती सांभाळते त्या लिनक्सवर (कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली) प्रोग्राम उतरवून घ्यायच्या रिपो, म्हणजे कोठारं, चार — ‘पक्की’, ‘चालेल’, ‘बहुधा चालेल’ आणि ‘आपापल्या जबाबदारीवर’. नवा माणूस चारही दारं ठोठावतो आणि शेवटी आमच्या ऑनलाइन मंचावर येऊन डोकं आपटतो. आता एकच रिपो. जे पॅकेज, म्हणजे प्रोग्राम, कोणी वापरत नाही ते बाद. दहाच्या आत वापरणारे म्हणजे कोणीच नाही, असं धरायचं — हे गणित माझं. बैठकीच्या खोलीतला एसी कमी होत नाही, सगळे कुडकुडत होते. म्हणूनही लवकर पास झालं असेल.

५ मार्च
तीनशे बारा पॅकेजेस उडवली, दुपारच्या चहाच्या आत! अपडेटनं लोकांच्या कॉम्प्युटरवरूनही काढली. कचरा कशाला ठेवायचा? एकाला वापरणारा फक्त एक. कोण हा शहाणा, म्हटलं, आणि उडवलं.

७ मार्च
बायकोचं शिवणकाम पुढच्या खोलीत चालतं. तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घातलं, चार वर्षांपूर्वी, मोठ्या कौतुकानं. सकाळी म्हणाली, “अरे, माझ्या कॉम्प्युटरवरचं ते —”
तिथंच थांबवलं. घरात पॅकेजचं बोलणं नाही! तक्रार असेल तर सगळ्यांसारखी मंचावर लिहायची. समितीप्रमुखाच्या घरच्यांना मागचं दार ठेवलं तर लोक तोंडात शेण घालतील.
“बरं,” म्हणाली. समजूतदार आहे.

८ मार्च
मंचावर ‘त्रस्त’ नावाचं कोणीतरी उगवलंय. तीन परिच्छेद! पहिली ओळ वाचली — “काम अडलं आहे.” कोणाचं अडत नाही? उत्तर दिलं — आधी मार्गदर्शिका वाचा. तक्रार बंद.

११ मार्च
पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. जमिनीवर कपडे बेतायचे कागदच कागद, आणि बायको गुडघ्यांवर बसून पट्टीनं रेघा ओढतेय. रुग्णालयातल्या ऐंशी जणांचे गणवेश, प्रत्येकाचं माप वेगळं, महिनाअखेर द्यायचेत. नाही दिले तर पुढचं काम दुसऱ्याला जाणार. म्हटलं, “कॉम्प्युटरवर का नाही करत?”
तिनं माझ्याकडे बघितलं. मग पट्टी सरकवून पुढची रेघ ओढली.

१२ मार्च
त्रस्त परत! “मार्गदर्शिका वाचली. अकरा चुका आहेत. यादी जोडली आहे.”
माझ्या मार्गदर्शिकेत! चाळीस पानं घाम गाळून लिहिली! उत्तर फेकलं — “एवढंच प्रेम असेल तर पॅकेज स्वतः बांधा आणि स्वतः सांभाळा.” या वाक्यावर भलेभले गप्प होतात.

१३ मार्च
अकराच्या अकरा बरोबर आहेत. कोणाला सांगणार नाही.

२० मार्च
त्रस्तनं खरंच पॅकेज बांधून पाठवलं. काहीतरी मापांचं आहे. कशाची मापं, बघितलं नाही. चूक काढायच्या तयारीनंच उघडलं. निघेना! मला तीन पानं लागली असती, तिथं अर्ध्या पानात काम.
समितीतले सगळ्यात जुने काका म्हणाले, “कोण आहेत हे? समितीत घ्या यांना. हवं तर तुमच्या जागी.” सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. झक मारत मंजुरी दिली.
घरी आलो तर बायको खुशीत. कागद उचललेले, प्रिंटर चालू. तिचं तिनं काहीतरी जमवलेलं दिसतंय. बरं झालं, माझा वेळ वाचला.

२१ मार्च
पॅकेज सांभाळणाऱ्याला डिजिटल सही करायची छोटी चावी, पेनड्राइव्हसारखी, टपालानं द्यावी लागते. त्रस्तचा पत्ता मागवला.

२२ मार्च
पत्ता आला. आमचाच!
खाली एक ओळ — “टपाल नको. मी पुढच्या खोलीतच बसते.”
लाजेनं मेल्यासारखं झालं. चावी मुठीत घेऊन पुढच्या खोलीच्या दाराशी गेलो. आत मशीन चालू होतं. शेवटी दार वाजवलं. स्वतःच्या घरात!
“कोण?” म्हणाली. म्हटलं, “समितीकडून आलोय. चावी द्यायचीय.”