माती द्यायची राहिली

४ मे, लिमा
पोचलो एकदाचे! लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला माणसं महाबळेश्वर गाठतात, आमचे शिवप्रसाद पेरू गाठतात. जयसिंगपूरच्या दुकानात बसून वर्षभर माचू पिचूचे व्हिडिओ बघत होते, गिऱ्हाईक उभं असलं तरी मान वर नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अव्वांनी, निघताना विभूतीची डबी दिली. लिंगायताचं कपाळ परमुलखात कोरडं दिसू नये म्हणे.

८ मे, माचू पिचू
ढग खाली आणि आपण वर! शिवप्रसादांनी दगडी भिंतीला हात लावून डोळे मिटले. रडत होते. मी न बघितल्यासारखं केलं. परतताना एक लामा, म्हणजे तिकडचा उंटासारखा लोकरवाला प्राणी, त्यांच्या टोपीवर थुंकला आणि मी पोट धरून हसले.

११ मे, नाझका
वाळवंटात प्राचीन थडगी बघितली. उघड्या खड्ड्यांत माणसं बसलेली, गुडघे छातीशी, केस तसेच. बाकीचे दचकले, मला मात्र घरचं वाटलं. आमच्यातही मेलेल्याला बसवूनच पुरतात. एक म्हातारा मान कलती करून बसला होता, अंगावर मूठभर माती नाही. मला भरून आलं. गाइडची पाठ वळताच वाकून त्याच्या कपाळाला विभूती लावली. शिवप्रसादांनी हात जोडले. फार बरं वाटलं.

१७ मे, जयसिंगपूर
घरी आलो. शिवप्रसाद दुकानात जात नाहीत. जेवण निम्मं, पाणी तर नकोच म्हणतात. सोफ्यावर गुडघे छातीशी घेऊन बसतात. अंडी उबवताय का, म्हणून चेष्टा केली. हसले नाहीत.

२० मे
एवढ्या उकाड्यात त्यांना घामाचा टिपूस नाही. कातडी सुकत चाललीय. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगले आहेत. खोबरेल चोळलं तर माझ्या तळव्याला वाळू चिकटली. मला भीती वाटते.

२२ मे
अव्वांना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “विभूती लावलीस म्हंजी आपल्या घरचं मढं झालं की ते. आन् माती न देताच उठून आलीस?”
परत जाऊन माती देते म्हटलं. त्यांनी शिवप्रसादांकडं बघितलं. “ते तिकडं कुठं हाय आता.”

२४ मे
त्यांचे पाय सरळ होत नाहीत. दोघींनी ओढले. हाड वाजलं, ते ओरडलेसुद्धा नाहीत. मान कलती झालीय.

२५ मे, मळ्यात
सासऱ्यांच्या समाधीशेजारी खड्डा काढलाय. त्या म्हाताऱ्याच्या नावानं नारळ पुरायचा, माती द्यायची, नवरा सुटेल. असं ठरलं होतं. नारळ ठेवायला वाकले तर खड्ड्यात शिवप्रसाद. बसलेले. त्यांना गाडीत बसवून ठेवलं होतं, कधी उतरले—

अव्वांनी मला बांधावर बसवलंय. बघू नको, वहीत बघ, म्हणाल्या. त्या माती देताहेत. म्हातारा निघून जाईल, मग पोराला वर काढू, म्हणतात—

माती छातीपर्यंत—

खड्ड्यातून आवाज आला. “पवित्रा, मला वर घे.”

अव्वा म्हणतात, ह्यो आपला पोरगा न्हाय बोलत. ऐकू नको.

दहा वर्षं ऐकलाय हा आवाज. त्यांचाच आहे. अव्वा थांबत नाहीत. गळ्यापर्यंत— मी जाते. वही ठेव—